जास्तीच्या एका रात्रीची तयारी : विंध्यातील जंगलवाटांसाठी सुरक्षेची सॅक कशी भरावी

इंदूरकरांना जंगल फार जवळ आहे, आणि आमच्या बहुतेक चुका या जवळीकीतूनच होतात. सकाळी पोहे-जलेबी खाऊन निघालेला माणूस तासा-सव्वातासात सिमरोल ओलांडून चोरलच्या घाटात किंवा महूच्या पलीकडे जानापावच्या पायथ्याशी पोहोचतो. दुपारच्या जेवणाला घरी परतता येईल या हिशेबाने तो पाण्याची एक बाटली, शेवेचे पाकीट आणि मोबाईल एवढेच बरोबर घेतो. हिमालयात जाताना जो महिनाभर याद्या करतो, तोच चोरलला जाताना खिशात हात घालून निघतो. पण माळव्याचे पठार संपून विंध्याचा कडा नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागला, की डांबरी रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटरवरच मोबाईलचे नेटवर्क जाते, ओढ्यांच्या घळी एकसारख्या दिसू लागतात आणि एखाद्याचा पाय मुरगळला तर तेवढेच अंतर सबंध रात्रीचे होऊन बसते.

नोव्हेंबरअखेरच्या एका रविवारी आम्हां चौघांचे असेच झाले. कड्यावरून खोऱ्यात उतरताना दुपारी चारच्या सुमारास एका सोबत्याचा पाय सुट्या दगडावरून घसरला आणि घोटा सुजला. वर गाडीपर्यंतची वाट जेमतेम तीन किलोमीटरची होती, पण त्याला आधार देत ती चढायला आम्हांला चार तासांहून अधिक वेळ लागला. त्या दिवसांत इंदूरला सूर्य पावणेसहाच्या आधीच मावळतो आणि घळीत अंधार त्याहून लवकर दाटतो. चौघांत मिळून एक हेडटॉर्च होता. तो सॅकमध्ये दाबला जाऊन दिवसभर पेटत राहिलेला असल्याने ऐन वेळी विझत आलेला निघाला. प्रथमोपचाराची पेटी होती, पण ती गाडीत होती आणि गाडी वर होती. घरी कोणालाही आम्ही नेमके कुठे उतरलो आहोत हे सांगितलेले नव्हते. रात्री साडेआठला आम्ही रस्त्याला लागलो. घोट्याच्या सुजेपलीकडे काही नुकसान झाले नाही, ते केवळ त्या रात्री पाऊस नव्हता म्हणून.

तेव्हापासून सॅक भरताना मी एकच प्रश्न विचारतो : आज संध्याकाळी परतता आले नाही आणि रात्र आहे तिथेच काढावी लागली, तर या सॅकवर ती निघेल का? पुढे जे काही लिहिले आहे ते या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. अमेरिकेतील सिएटलच्या माउंटेनिअर्स या गिर्यारोहण संस्थेने १९३० च्या दशकात अशा दहा आवश्यक वस्तूंची यादी केली होती. नकाशा, होकायंत्र, उन्हापासून संरक्षण, जास्तीचे कपडे, टॉर्च, प्रथमोपचार, आगकाड्या, आग पेटवण्याचे साहित्य, चाकू आणि जास्तीचे अन्न यांवर बेतलेली ती यादी आजही जगभर वापरली जाते. ती जशीच्या तशी उचलण्यात मात्र अर्थ नाही. तिकडे बर्फ आणि अस्वले आहेत. आपल्याकडे ऊन, साप, आग्या मोहोळ आणि अचानक वाढणारे पाणी आहे.

सॅक भरण्यापूर्वी : घरी ठेवायचा कागद

सुरक्षेची पहिली वस्तू सॅकमध्ये जात नाही, ती घरी राहते. एका कागदावर जाण्याची वाट, गाडी कुठे लावणार त्या गावाचे नाव, गाडीचा क्रमांक, बरोबरच्या सर्वांची नावे व त्यांच्या घरचे फोन, परतण्याची अपेक्षित वेळ आणि ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचे’ हे स्पष्ट लिहावे. ही शेवटची वेळ परतण्याच्या वेळेपेक्षा दोन-तीन तास पुढची ठेवावी. अन्यथा चहासाठी थांबलेल्या मंडळींच्या शोधार्थ घरचे लोक पोलिसांना फोन करतील, आणि दुसऱ्या खेपेस खरोखर गरज असताना करणार नाहीत. कागद मोबाईलवर पाठवला तरी चालतो, पण माझ्या अनुभवात घरातील वडीलधारी माणसे फ्रिजवर चिकटवलेला कागद अधिक गंभीरपणे घेतात. आयत्या वेळी वाट बदलली, तर नेटवर्क असेपर्यंत तसा निरोप घरी द्यावा. पायथ्याच्या गावातही कोणा एकाला सांगून पुढे जावे. वाट खचली आहे का, ओढ्याला पाणी किती आहे, जनावर कुठे दिसले, हे त्या माणसाइतके नेमके कोणताही नकाशा सांगत नाही.

ऋतूचा विचारही इथेच करावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा या डोंगरांत चालण्याचा काळ आहे. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पहाटे निघून दहाच्या आत परतणार नसाल तर जाऊच नये, हे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळ्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

सॅक आणि तिचे अस्तर

एका दिवसाच्या चालीसाठी २५ ते ३० लिटरची, कमरेला पट्टा असलेली सॅक पुरते. कमरेचा पट्टा शोभेचा नसतो. तो नीट आवळला म्हणजे वजन खांद्यांवरून कमरेवर येते आणि उतारावर तोल राहतो. सॅकवर घालायचे पावसाळी आवरण पाठीकडून ओले होतेच, म्हणून आत एक मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घालावी आणि सर्व सामान तिच्यात ठेवून तोंडाला पीळ द्यावा. पाण्यासह एकूण वजन सहा-सात किलोच्या आसपास बसते. त्यातले निम्मे किंवा त्याहून अधिक पाण्याचेच असते, आणि पहिल्यांदा जाणारा नेमके तेच कमी करू पाहतो.

पाणी

हिवाळ्यात दिवसभराच्या चालीला प्रत्येकी तीन लिटर आणि ऊन तापू लागल्यावर चार ते पाच लिटर पाणी घ्यावे. एका लिटरचे वजन एक किलो हा हिशेब सोपा आहे, त्यामुळे कितपत उचलवेल हे घरीच कळते. सगळे पाणी एकाच पिशवीत किंवा बाटलीत ठेवू नये. नळीने पिण्याची पिशवी सोयीची असली तरी ती फुटल्यास दिवस तिथेच संपतो, म्हणून निदान एक लिटर निराळ्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत राखून ठेवावे आणि गाडी दिसेपर्यंत त्याला हात लावू नये.

ओढ्याचे पाणी स्वच्छ दिसते म्हणून पिऊ नये. वरच्या अंगाला गाव असते, गुरे असतात. पाणी शुद्ध करण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या हा सर्वांत हलका उपाय आहे, परंतु त्या विकत घेताना पाकिटावरचा मजकूर वाचावा. काही गोळ्या एका लिटरसाठी असतात तर काही वीस लिटरच्या बादलीसाठी, आणि दोन्ही दिसायला जवळपास सारख्याच असतात. गढूळ पाणी आधी सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळून घ्यावे, मग गोळी टाकून निदान अर्धा तास थांबावे. गढूळपणा राहिला तर क्लोरीनचा प्रभाव पडत नाही. उकळण्याची सोय असल्यास पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते.

पाण्याबरोबर ओआरएसची चार पाकिटे ठेवावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेली, एक लिटर पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवायची पूड घ्यावी. त्याच नावाच्या आसपास घोटाळणारी गोड पेये नकोत. अर्ध्या लिटर पाण्यात अख्खे पाकीट ओतण्याची चूक वारंवार होते, आणि त्यामुळे क्षार व साखर यांचे प्रमाण बिघडून फायद्याऐवजी अपायच होऊ शकतो. म्हणून बरोबरची एक बाटली बरोबर एक लिटरची असावी.

उन्हाने माणूस बिघडतो आहे हे ओळखण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. डोके दुखणे, मळमळ, चालण्यात ढिलाई आणि खूप घाम ही पहिली पायरी; सावलीत बसवून, कपडे सैल करून, घोट घोट ओआरएस दिल्यास माणूस सावरतो. बोलणे असंबद्ध होऊ लागले आणि अंग तापून निघाले, तर तो उष्माघात आहे. तेव्हा पिण्यासाठी राखलेले पाणीही अंगावर ओतून वारा घालावा, मान, काख आणि जांघ यांवर ओले कापड ठेवावे व मदत मागवावी. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

प्रकाश

मोबाईलचा टॉर्च हा टॉर्च नव्हे. तो हातात धरावा लागतो, त्याच हाताने झाड किंवा दगड धरता येत नाही, आणि ज्या बॅटरीवर मदतीचा फोन अवलंबून आहे तीच तो संपवतो. प्रत्येकाकडे स्वतःचा हेडटॉर्च असावा. इंदूरच्या जेल रोडवर तीन-चारशे रुपयांपासून ते मिळतात. फार महागडा घेण्याचे कारण नाही, पण दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. मंद प्रकाशाची पायरी असावी, म्हणजे बॅटरी रात्रभर पुरते, आणि बटण सहज दाबले जाणारे नसावे. सेलवर चालणारा असेल तर प्रवासात एक सेल उलटा घालून ठेवावा, म्हणजे दाबले गेले तरी दिवा पेटत नाही. ही युक्ती मला त्या नोव्हेंबरच्या रात्रीनंतर कळली. जास्तीचे सेल नवे आणि एकाच जातीचे असावेत. घड्याळातून काढलेले जुने सेल ‘असू द्यात’ म्हणून टाकण्याची आपली सवय इथे महागात पडते.

दिशा

निघण्यापूर्वी मोबाईलमध्ये या भागाचा नकाशा उतरवून घ्यावा आणि नेटवर्क बंद करून तो उघडतो का, ते घरीच पाहावे. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण नकाशाचे चित्र आधी उतरवलेले नसेल तर कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका तेवढा दिसतो. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे नागरिकांना संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यांत दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. लागेल तेवढा भाग छापून प्लास्टिकच्या पाकिटात घालावा. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, वाचण्याचा सराव नसेल तर एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे : रेषा जिथे एकमेकींना चिकटल्या आहेत तिथे कडा आहे, आणि विंध्याच्या दक्षिण उतारावर असे चिकटलेले पट्टे मैलोन्‌मैल आहेत. अंधारात ‘सरळ खाली उतरू, कुठेतरी रस्ता लागेलच’ हा विचार त्या पट्ट्यांमुळेच घातक ठरतो.

साधे होकायंत्र शंभर-दोनशे रुपयांत येते. इंदूरच्या परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक इतका थोडा आहे की पायी चालणाऱ्याने तो विचारात घेण्याची गरज नाही. होकायंत्र मोबाईल, चाकू आणि टॉर्च यांच्यापासून दूर धरून वाचावे.

आणखी एक सवय लावून घ्यावी. मोबाईलवर स्वतःचे अक्षांश-रेखांश पाहून ते मोठ्याने वाचण्याचा सराव प्रत्येकाने करावा, कारण मदतीच्या फोनवर ‘मोठ्या वडाजवळ’ सांगून उपयोग नसतो. इंदूरच्या दक्षिणेकडील या जंगलांत उत्तर अक्षांश २२ ने आणि पूर्व रेखांश ७५ किंवा ७६ ने सुरू होतो. तुम्ही वाचलेले आकडे तसे नसतील तर वाचण्यात चूक झाली आहे.

घाटातल्या कालाकुंड स्थानकाच्या बाजूला जाणाऱ्यांना रुळांवरून चालत जाण्याचा मोह होतो, कारण तिथे वाट चुकण्याचा प्रश्न नसतो. मात्र तिथल्या बोगद्यांत आणि पुलांवर बाजूला व्हायला जागा नसते. कालाकुंडचा कलाकंद चाखायचा तर गाडीने जावे.

आडोसा आणि ऊब

या यादीतील सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे चमकत्या पत्र्यासारखे दिसणारे इमर्जन्सी ब्लँकेट. त्याचे वजन पन्नास-साठ ग्रॅम, घडी तळहाताएवढी. ते शरीराची उष्णता परत शरीराकडे वळवते आणि वारा अडवते. प्रत्येकाकडे एक असावे. मात्र ते सहज फाटते, म्हणून गटात मिळून दोन बाय तीन मीटरची हलकी ताडपत्री आणि दहा मीटर नायलॉनची दोरी घ्यावी. सियागंजात दोन्ही मिळतात. दोन झाडांमध्ये दोरी बांधून तिच्यावर ताडपत्री टाकली आणि कडांवर दगड ठेवले की आडोसा तयार होतो. हे एकदा घराच्या गच्चीवर, दिवे बंद करून उभारून पाहावे. शेजाऱ्यांना नवल वाटेल, त्याला इलाज नाही.

आमच्याकडे थंडीने गारठण्याचा धोका डिसेंबर-जानेवारीपुरता आहे असे समजले जाते, आणि तेव्हा रात्रीचा पारा दहाच्या खाली जातोही. पण भिजलेला माणूस वाऱ्यात बसून राहिला तर तो ऑगस्टमध्येही थरथरू लागतो. ओला सुती बनियन अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून पॉलिस्टरचा एक कोरडा टी-शर्ट, एक पातळ स्वेटर, कानटोपी आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवावा. बसताना जमिनीवर थेट बसू नये. सॅक, दोरी, पाला, जे असेल ते खाली घ्यावे. जमीन हवेपेक्षा झपाट्याने ऊब खेचते.

पायांबद्दल थोडक्यात. इथला दगड दख्खनच्या पठाराचाच काळा पाषाण आहे; कोरडा असताना पकड उत्तम, शेवाळले की साबण. खोल नक्षीच्या रबरी तळव्याचे बूट हवेत, आणि काळी माती तळव्याला थापली गेली की ती काठीने खरवडून मगच कड्याच्या बाजूने चालावे. पावसाळ्यानंतर गवताची कुसळे मोज्यांत शिरतात, म्हणून पूर्ण लांबीची पँट घालावी. खाजकुयलीची लव अंगाला लागली तर चोळू नये. चिकटपट्टी लावून ओढून काढावी, मग धुवावे.

प्रथमोपचाराची पेटी

बाजारात मिळणारी तयार पेटी निम्मी निरुपयोगी असते. त्यापेक्षा दवा बाजारात एकदा जाऊन स्वतःच्या हाताने भरावी : निर्जंतुक गॉजचे पाच-सहा तुकडे, दोन रोलर बँडेज, दहा सेंटिमीटर रुंदीची दोन क्रेप बँडेज, एक त्रिकोणी बँडेज, रुंद चिकटपट्टी, पोव्हिडोन-आयोडिनचे मलम, चिमटा, बोथट टोकाची कात्री, हातमोज्यांचे दोन जोड, पॅरासिटामॉल, अ‍ॅलर्जीवरील सेटिरिझिन आणि बरोबरच्या प्रत्येकाची रोजची औषधे. मधुमेही सोबत्याची साखर, दमेकऱ्याचा पंप आणि हृदयविकाराच्या गोळ्या कुठे आहेत हे गटातील आणखी एकाला माहीत असले पाहिजे. कोणाला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते पेटीच्या झाकणावर आतून लिहावे. पेटी सॅकमध्ये असावी, गाडीत नव्हे.

सर्पदंशाविषयी इथे अधिक लिहिणे भाग आहे, कारण चुकीचे ज्ञान याच विषयात सर्वाधिक आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर मिळून एकच प्रतिविष दिले जाते. ते शिरेतून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते, कारण त्याचीच तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. त्यामुळे ते सॅकमध्ये नेण्याची गोष्ट नाही. सॅकमध्ये न्यायचे ते क्रेप बँडेज आणि ताठ काठीसारखे काही. दंश झालेल्या माणसाला आडवे करावे, अंगठी, कडे, घड्याळ, बूट काढून घ्यावेत, हात किंवा पाय मोडल्याप्रमाणे काठीला बांधून हालचाल थांबवावी आणि वेळ लिहून ठेवावी. पट्टी इतकीच घट्ट असावी की खाली एक बोट सहज जाईल. करकचून दोरी बांधणे, जखम कापणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ लावणे, दारू पाजणे यांतले काहीही करू नये. अ‍ॅस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामकही देऊ नये, कारण घोणस-फुरशाच्या विषाने रक्त आधीच गोठेनासे होते. साप मारून आणण्यात वेळ दवडू नये. मण्याराचा दंश बहुधा रात्री झोपेत होतो आणि जवळजवळ दुखत नाही, म्हणून ‘काही झालेले दिसत नाही’ यावर विसंबू नये. त्या माणसाला चालवू नये. उचलून रस्त्यापर्यंत आणावे आणि १०८ ला फोन करून प्रतिविष ज्या जवळच्या सरकारी रुग्णालयात आहे तिथे न्यावे. इंदूरला पोहोचता आल्यास महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे.

आग्या मोहोळाची भीती मला सापापेक्षा अधिक वाटते. कड्यांच्या कपारींत आणि जुन्या पडक्या गढ्यांच्या कमानींत ही मोहोळे असतात. अत्तर, उग्र वासाचे तेल, धूर आणि आरडाओरडा टाळावा, व ड्रोन उडवणाऱ्या सोबत्याला घरीच ठेवावे. माश्या उठल्याच तर चेहरा कापडाने झाकून शक्य तितके दूर पळावे. पाण्यात उडी मारू नये, त्या वर वाट पाहत राहतात. थांबल्यावर अंगात रुतलेले काटे नखाने किंवा कार्डाने खरवडून लगेच काढावेत. ओठ-जीभ सुजणे, श्वास अडकणे, भोवळ येणे यांपैकी काही दिसले, किंवा दंश फारच झाले असतील, तर सेटिरिझिनवर न थांबता थेट रुग्णालय गाठावे.

बिबट्याचा वावर या सर्व जंगलपट्ट्यात आहे. त्यासाठी सॅकमध्ये वेगळे काही लागत नाही. एकत्र चालावे, मुले मध्ये ठेवावीत, संधिप्रकाशात बोलत राहावे, दिसल्यास वाकू नये, पळू नये, तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरावे.

मदतीची हाक

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू शिट्टी आहे. ओरडून घसा दहा मिनिटांत बसतो, शिट्टी तासन्‌तास वाजवता येते. मिनिटात सहा वेळा वाजवून एक मिनिट थांबायचे, मग पुन्हा. हा डोंगरांतील संकटाचा ठरलेला संकेत आहे, आणि त्याला मिनिटात तीन वेळा असे उत्तर देतात. टॉर्चच्या उघडझापीनेही हाच संकेत देता येतो. शिट्टी सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला बांधावी, आत ठेवू नये.

मोबाईल चालताना विमान-मोडवर ठेवला तर संध्याकाळी बॅटरी शिल्लक राहते. दहा हजार एमएएचची पॉवर बँक आणि तिची तार दोन्ही बरोबर आहेत ना, हे पाहावे. तार विसरण्याचा मान आमच्या गटात प्रत्येकाने एकेकदा मिळवला आहे. स्वतःच्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे असल्यास ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागू शकतो, म्हणून पट्ट्या दिसत नसल्या तरी लावून पाहावा. बोलणे होत नसेल तिथे कधीकधी एसएमएस जातो. परदेशी याद्यांत उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र हमखास असते, पण भारतात उपग्रह फोन व तशी यंत्रे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरणे बेकायदेशीर आहे. परदेशातील नातेवाइकांकडून ती मागवू नयेत.

आग, अन्न, चाकू

लायटर आणि मेण लावलेल्या काडेपेटीची डबी घ्यावी, पण ती खऱ्या संकटापुरती. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, आणि फेब्रुवारीनंतर सागाचा वाळलेला पाला एका ठिणगीत पेट घेतो. अन्न असे असावे की शिजवावे लागू नये आणि दुसऱ्या दिवशीही टिकावे. दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, भाजलेले चणे यांना पर्याय शोधण्याची गरज मला कधी वाटली नाही. आजीच्या काळी रेल्वेच्या प्रवासाला हेच असे. एका जेवणापुरते जास्तीचे अन्न वेगळे बांधून तळाशी टाकावे. साधा घडीचा चाकू पुरतो.

पावसाळ्यात जाणारच असाल तर

जुलै २०११ मध्ये पातालपाणीच्या धबधब्याच्या माथ्यावर, पाण्यात उभ्या असलेल्या एका कुटुंबातील माणसे अचानक वाढलेल्या लोंढ्यात वाहून गेली. ते दृश्य देशभर पाहिले गेले. तिथे पाऊस पडत नसतानाही वरच्या अंगाला पडलेल्या पावसाने पाणी वाढू शकते. पाणी एकदम गढूळ होणे, काटक्या-पाला वाहत येणे, आवाज जड होणे ही चिन्हे दिसताच सामान न गोळा करता उंचावर जावे. गुडघ्याच्या वर वाहते पाणी असेल तर ओलांडूच नये. दोरी लावून ओलांडण्याचा प्रयत्न प्रशिक्षण नसलेल्यांनी करू नये, कारण दोरीला अडकलेला माणूस प्रवाहाखाली दाबला जातो. अशा वेळी पाणी उतरेपर्यंत थांबणे हाच मार्ग असतो, आणि थांबता यावे म्हणूनच ताडपत्री, कोरडे कपडे आणि जास्तीचे अन्न आणलेले असते.

विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप मोबाईलवर असावे. नेटवर्क नसेल तिथे मोजावे : वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. हे अंतर तीस सेकंदांच्या आत आले की माथा, एकटे झाड आणि पाणी सोडून खाली उतरावे, एकमेकांपासून लांब राहावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे.

भरण्याचा क्रम

आदल्या रात्री सर्व सामान जमिनीवर मांडावे. तळाशी जास्तीचे अन्न आणि कोरडे कपडे, त्यांवर ताडपत्री. पाणी पाठीला लागून मध्यभागी, कारण जड वस्तू पाठीपासून दूर गेली की उतारावर माणूस मागे खेचला जातो. पेटी सर्वांत वर, चेन उघडताच हाताला लागेल अशी. हेडटॉर्च, होकायंत्र आणि ओआरएस वरच्या कप्प्यात. नकाशा आणि मोबाईल अंगावरच्या खिशात, म्हणजे सॅक दरीत गेली तरी ते राहतील. मग डोळे मिटून टॉर्च आणि पेटी काढून पाहावी. नाही सापडली तर पुन्हा भरावी.

गटात ताडपत्री, पेटी आणि दोरी वाटून घेता येतात. पाणी, टॉर्च, शिट्टी आणि ब्लँकेट वाटून घेता येत नाहीत, कारण ज्या माणसाला त्यांची गरज पडते तो बहुधा गटापासून सुटलेला असतो.

परत आल्यावर हेडटॉर्चमधील सेल काढून ठेवावेत, ताडपत्री उन्हात वाळवावी, वापरलेले गॉज आणि ओआरएस त्याच आठवड्यात भरून काढावेत. क्रेप बँडेज वर्षानुवर्षे गुंडाळून राहिले की त्यातला ताण जातो. दर दिवाळीच्या आवराआवरीत मी ते ओढून पाहतो आणि गोळ्यांवरच्या तारखा वाचतो. फ्रिजवरचा कागदही त्याच दिवशी काढून टाकावा, नाही तर पुढच्या खेपेस घरचे लोक जुन्याच वाटेवर शोधत बसतील.